मु. पो. १९२.१६८.१.१

सकाळी नऊलाच मावशींचा फोन आला, तोही मोबाइलवरून. "अगं, टपालाने नवा डबा आलाय, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे लावला मी. फोन लागतोय, पण ह्यांचा कॉम्प्युटर त्याच्याशी बोलेना. आणि गळ्यातलं बटण चालतंय की नाही, कोण जाणे!"

मावशी इथेच पिनरमध्ये, आमच्या मागच्या रस्त्यावर राहतात. ऐंशीच्या घरात, एकट्या. गळ्यातलं बटण म्हणजे पडल्या-धडपडल्या तर दाबायचं. ते फोनच्या तारेवरून मदत केंद्राला कळवतं. चहाचा कप तसाच ठेवून मी निघाले.

इथले जुने तांब्याच्या तारांवरचे फोन बंद होत आहेत, हे आता बहुतेकांना ठाऊक असेल. आधी डिसेंबर २०२५ ही मुदत होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. यापुढे घरचा फोन भिंतीतल्या खोबणीत नाही, तर इंटरनेटच्या डब्यात म्हणजे राउटरमध्ये लावायचा.

काका इंजिनिअर होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. टेबलाच्या खणात त्यांची वही मिळाली: कॉम्प्युटर १९२.१६८.१.१०, प्रिंटर १९२.१६८.१.२०, फोटोंचा डबा १९२.१६८.१.३०. घरातल्या प्रत्येक यंत्राला त्यांनी कायमचा पत्ता देऊन ठेवला होता.

मी मराठीची एम.ए., पूर्वाश्रमीची शिक्षिका. मला हे आकडे टपालाच्या पत्त्यासारखे वाटतात. पहिले तीन आकडे म्हणजे वाडा, शेवटचा म्हणजे खोली. वाडा कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते हे सांगायला २५५.२५५.२५५.० असा आणखी एक आकडा असतो, त्याला सबनेट मास्क म्हणतात. आणि वाड्याचा दिंडी दरवाजा, म्हणजे गेटवे, हा राउटरचा पत्ता. बाहेर जायचं तर त्यातूनच. भारताचा सहा आकडी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तिथेही डावीकडून उजवीकडे मोठ्या प्रदेशाकडून लहान भागाकडे जातो. फरक इतकाच, की पिनकोड देशात एकच असतो, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरी तेच असतात. एकूण पत्ते जेमतेम ४२९ कोटी, जगाला न पुरणारे. म्हणून १९९६ मध्ये काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवल्याचं अधिकृतपणे लिहिलं गेलं. ते वाड्याबाहेर चालत नाहीत.

नव्या डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर पत्ता होता १९२.१६८.०.१. म्हणजे वाडाच बदलला! काकांचा कॉम्प्युटर जुन्या वाड्यातल्या दरवाजाशी उभा, आणि तो दरवाजा आता तिथे नाही.

मी सोपा उपाय केला. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने भरलेला पत्ता काढून 'आपोआप' निवडलं. राउटरने नवी खोली दिली, इंटरनेट सुरू. मी विजयी मुद्रेने वळले, तर मावशी म्हणाल्या, "आणि फोटो गं?"

फोटोंचं कपाट नाहीसं झालं होतं. मघापर्यंत कॉम्प्युटर आणि फोटोंचा डबा एकाच वाड्यात असल्याने एकमेकांना ओळखत होते. मी एकाला हलवलं, दुसरा मागे राहिला. फोटोंच्या डब्याचा पत्ता बदलावा, तर त्याचा पासवर्ड वहीत नव्हता. आणि त्यात मुलांच्या बारशापासूनचे फोटो.

मग लक्षात आलं, बिऱ्हाडं कशाला हलवायची? दरवाजाच जुन्या जागी नेऊया. माझा लॅपटॉप वायरने डब्याला जोडला, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला (आकडे इंग्रजीत), कागदावरचा पासवर्ड भरला आणि डब्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ केला. एक काळजी घेतली: पाहुण्या यंत्रांना आपोआप द्यायचे पत्ते १०० ते २०० मध्येच ठेवले, म्हणजे काकांच्या १०, २०, ३० वर कुणी हक्क सांगणार नाही. एका खोलीत दोन बिऱ्हाडं आली की दोघांचंही बोलणं बंद होतं. डबा पुन्हा सुरू केला, कॉम्प्युटरला वहीतला पत्ता परत दिला. इंटरनेट आलं, प्रिंटर आला, फोटोही आले.

बटणाचं काम मात्र आकड्यांनी होणारं नव्हतं. ते दाबून पाहिलं, तर केंद्राकडून उत्तरच नाही. फोन लागत होता, तरी ते जुनं यंत्र नव्या लाइनवर चालत नव्हतं. आम्ही लगेच बटणवाल्यांना फोन केला. त्यांनी सिमकार्डवर चालणारं यंत्र पाठवलं. ते येईपर्यंतच्या चार रात्री मावशी आमच्याकडे झोपल्या. असं बटण आहे, हे मावशींनी फोन कंपनीला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही.

म्हणून एवढंच सांगते. घरात, शेजारी कुणी वडीलधारं असेल तर डबा बदलण्याआधी फोन कंपनीला आणि बटणवाल्यांना दोघांनाही कळवा. बदलल्यावर बटण दाबून खात्री करा. जुन्या फोनला तारेतूनच वीज मिळायची. नवा डबा घरची वीज गेली की मुका होतो, मग ९९९ सुद्धा लागत नाही. ज्यांना लँडलाइनशिवाय आधार नाही, त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी मदतीचा फोन लावता यावा, अशी सोय कंपनीने द्यावी असं नियामक ऑफकॉम सांगतं. ती मागून घ्या.

आणि पत्ते एका वहीत लिहून ठेवा, पासवर्डसुद्धा.

परवा दिवाळीच्या चकल्या द्यायला गेले, तर काकांची वही टेबलावर उघडी होती. शेवटच्या ओळीखाली मावशींच्या अक्षरात एक नवी ओळ होती: नवा डबा, १९२.१६८.१.१.