फुलांची झोंप

शरद सरून हेमंत लागला म्हणजे आमच्या वऱ्हाडांतील अंगणांना निराळीच कळा येते. बुलढाणा हें गांव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर वसलेलें आहे. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत, मलकापूर-शेगांवकडे, दुपार अद्याप तापत असते. त्याच दिवसांत आम्हां घाटावरच्या लोकांना पहांटे शाल शोधावी लागते. याच सुमारास कोरांटीला बहर येतो, कुंदाच्या कळ्या भरूं लागतात, आणि मार्गशीर्षांतील गुरुवारच्या पूजेसाठीं शेवंती फुलते. आमच्या घरीं ती वर्षानुवर्षें फुलत आली. गेल्या सालीं मात्र ओसरीलगतच्या वाफ्यांत एकही फूल आलें नाहीं.

रोपें हिरवीगार होतीं, पण कळीचें नांव नव्हतें. धाकटे बंधू म्हणाले, खत जास्त झालें. घरांतील वडील स्त्रियांना दृष्ट लागल्याची शंका आली. नवल हें कीं, विहिरीपलीकडे लावलेलीं त्याच जातीचीं रोपें फुलांनीं वांकून गेलीं होतीं. खत एक, पाणी एक, माती एक. मग अंतर कशाचें? अंतर होतें उजेडाचें. भाद्रपदांत आम्हींच ओसरीवर विजेचा झगझगीत दिवा बसविला होता, व चोरांच्या भीतीनें तो रात्रभर जळत असे.

१९२० सालीं अमेरिकेंतील गार्नर व अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनीं तंबाखू, सोयाबीन इत्यादि वनस्पतींवरील प्रयोगांतून असें दाखविलें कीं, पुष्कळ वनस्पति दिवसाच्या लांबीवरून आपला फुलण्याचा काळ ओळखतात. पुढें असेंही आढळून आलें कीं, त्यांचें खरें लक्ष दिवसापेक्षां रात्रीकडे असतें; लांब रात्र मध्येंच थोड्याशा उजेडानें मोडली, तरी कळी धरत नाहीं. शेवंती याच वर्गांतली. जून महिन्यांत आमच्याकडे दिवस सुमारें १३ तास २० मिनिटांचा असतो. तो डिसेंबरांत ११ तासांच्या किंचित् खालीं येतो. रात्र वाढते आणि त्या अंधाराच्या खुणेनें शेवंती कळी धरते. आम्हीं तिची रात्रच हिरावून घेतली होती! यंदा दिव्याचें तोंड फाटकाकडे फिरवून वाफ्याच्या बाजूस पत्र्याचा आडोसा केला, आणि हा लेख लिहीत असतां तोच वाफा पिवळाधमक झाला आहे.

त्याच कार्तिकांत आमच्या नातीनें शहरांतून ट्यूलिपचे पांच कांदे आणविले होते. पाकिटावरील तांबडें फूल पाहून घरांतील सर्व मुलें हरखून गेलीं. कुंडींत चार बोटें पानें आलीं, पिवळीं पडलीं, आणि खेळ आटोपला. पोर हिरमुसली. दोष तिच्या हातांचा नव्हता. ट्यूलिपच्या कांद्याला फुलण्यापूर्वीं बारा ते सोळा आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते. श्रीनगरास दल सरोवराकांठीं ती सहज मिळते, म्हणून तेथें वसंतांत ट्यूलिपचे मळे फुलतात. आमच्या घाटावर रात्रीं गारठा पडला तरी दुपारीं ऊन चटकतें; तेवढ्या थंडींत त्या कांद्याची झोंप पुरी होत नाहीं.

मग आपल्याकडे वसंताचा कंद नाहींच काय? आहे, आणि तो आमच्याच घरीं होता, हें आम्ही विसरलों होतों.

पौषांत घरांत असें ठरलें कीं, सबंध अंगणाला फरशी करावी. पावसाळ्यांत चिखलावरून वडील माणसें घसरतात, हें कारणही योग्यच होतें. न्हाणीमागें, पारिजातकाच्या सावलींत, एक उघडा कोपरा आहे. गवंड्यानें विचारलें, “गुरुजी, इथं काही लावलेलं आहे का?” आम्ही म्हणालों, “काही नाही.” त्याची कुदळ पडली. नात ट्यूलिपच्या कुंडींतील माती टाकावयास तेथें गेली होती, ती ओरडत आली, “आजोबा, इथले गड्डे जिवंत आहेत हो! तोडू देऊ नका!”

तो आमच्या मातोश्रींचा भुईचाफा होता. पावसाळ्यांत त्याचीं रुंद पानें आम्ही दरसाल पाहत होतों. कार्तिकांत तीं वाळून गेलीं कीं मागें कांहीं खूण राहत नसे. मातोश्रींना जाऊनही पुष्कळ वर्षें झालीं. “काही नाही” हे शब्द आमच्या तोंडून निघाले, याची लाज अजून वाटते. कुदळीनें तुटलेले गड्डे पुन्हां पुरले व तेवढी चार हात जागा फरशीवांचून सोडली. चैत्रांत त्या कोरड्या मातींतून, एकही पान नसतांना, पांढरीं-जांभळीं सुवासिक फुलें वर आलीं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तींच वाहिलीं.

मेघदूतांत अलकानगरीच्या स्त्रिया कमळ, कुंद, लोध्र, कुरबक, शिरीष व कदंब अशीं सहाही ऋतूंचीं फुलें एकाच वेळीं धारण करतात. ती यक्षांची नगरी. आपलें अंगण पृथ्वीवर आहे. येथें प्रत्येकाची पाळी आहे, आणि पाळी येण्यापूर्वीं प्रत्येकाची झोंपही आहे.

गृहिणींच्या उपयोगाकरितां दोन शब्द. शेवंतीचे शेंडे श्रावणापर्यंत खुडावे, म्हणजे झाड पसरतें; बहर ओसरल्यावर झाड छाटून बुडाचे फुटवे निराळे लावावे. भुईचाफ्याचीं पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी तोडावें, तें चैत्रापर्यंत. निशिगंधाचे कंद चैत्र-वैशाखांत लावावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व तींत गड्डे कुजतात. म्हणून वाळू व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच करावा. सर्वांत मुख्य म्हणजे, जेथें कंद पुरले असतील तेथें एक खुंटी ठोकून ठेवावी. माणसाच्या स्मरणापेक्षां खुंटी अधिक विश्वासू असते.

आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. मागच्या बांकावरील कित्येक मुलांकडे पाहून आम्ही मनांत तेच दोन शब्द म्हणालों असूं. त्यांतील कोणाचा चैत्र पुढें केव्हां आला, तें पाहण्यास आम्ही तेथें नव्हतों. आतां न्हाणीमागची ती चार हात जागा पुन्हां उघडी-बोडकी दिसत आहे. मात्र तिच्या मधोमध नातीनें ठोकलेली खुंटी आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास ती बजावून सांगते कीं, येथें पाय देऊं नका, आंत झोंपलें आहे.