महालक्ष्म्यांपुढचा उजेड

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा सोहळा. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच आम्हा वैदर्भीयांच्या घरी महालक्ष्म्या म्हणून येतात; ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आपल्या बाळांसह. पुरण, आंबील, सोळा भाज्या यांच्या गडबडीत कुणीतरी हमखास म्हणते, ‘अरे, फोटो काढून ठेवा!’ आणि वर्षभर कपाटात पडलेला कॅमेरा बाहेर निघतो.

मिरननाथ महाराजांच्या देवळीस आमच्या स्नेह्यांचे एक जुने घर आहे. पुढे सिमेंटचा स्लॅब, मागे अजूनही कवेलूंचे छप्पर, आणि महालक्ष्म्या परंपरेने मागच्याच खोलीत बसतात. दोन वर्षांपूर्वी पूजनाच्या रात्री त्या घरच्या आजी समईजवळ, कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसल्या होत्या. नातवाने कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा इवलासा फ्लॅश उघडून छायाचित्र घेतले. छायाचित्रात पितळी मुखवटे पांढरेफटक, मागच्या आरशात उजेडाचा गोळा, समईची ज्योत मालवल्यासारखी. आणि आजींच्या जागी केवळ काळोख, त्यात लुगड्याच्या काठाची एक अस्पष्ट रेघ. पुढल्या चैत्रात आजी गेल्या. त्या रात्रीचे दुसरे छायाचित्र नाही.

यंदा तोच नातू आमच्याकडे आला. ‘काका, वेगळा फ्लॅश घ्यायचा आहे. कोणता घेऊ?’ सर्वांत मोठा आकडा छापलेल्या फ्लॅशवर त्याने खूण करून ठेवली होती. आम्ही त्याला म्हटले, बाळा, आधी तुझ्या घराचे छत पाहू.

हे उत्तर विचित्र वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. प्रकाशाचा नियम असा की, अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. महालक्ष्म्या कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आणि आजी चार मीटरवर; तेव्हा मुखवट्यांना चार आणे मिळाले तर आजींच्या वाट्याला एकच आणा आला. शिवाय पितळ, जरी आणि आरसा हे समोरून आलेला झोत जसाच्या तसा परत फेकतात. फ्लॅश मोठा घेतला आणि तसाच समोर रोखला, तर हा अन्याय जराही कमी होत नाही. उपाय एकच: उजेड आधी छतावर किंवा भिंतीवर टाकायचा आणि तिथून तो साऱ्या खोलीवर पसरू द्यायचा. मग छतच दिव्याचे काम करते, सर्वांपासूनचे त्याचे अंतर बहुतेक सारखे असते, आणि मुखवट्यावर ठिणगीऐवजी मऊ तेज येते. म्हणून पहिल्या फ्लॅशची पहिली कसोटी ही, की त्याचे डोके वर वळले पाहिजे आणि बाजूलाही फिरले पाहिजे. जे डोके केवळ वर उचलते आणि बाजूला वळत नाही, ते कॅमेरा उभा धरताच भलतीकडे पाहू लागते.

आता आकड्याविषयी. फ्लॅशच्या शक्तीचा जो अंक छापतात, तो अंतराचे मीटर आणि भिंगाच्या छिद्राचा अंक यांचा गुणाकार होय, आणि तो आयएसओ १०० धरून दिलेला असतो. कॅमेऱ्यातील फ्लॅशचा हा अंक १०च्या आसपास असतो. विकत मिळणाऱ्या मोठ्या फ्लॅशवर ६० लिहिलेले दिसते. परंतु तो बहुधा डोके २०० मि.मी.च्या झूमवर नेऊन, झोत अगदी निमुळता करून मोजलेला असतो. खोलीभर पसरणाऱ्या उजेडासाठी प्रत्यक्षात ३०-३५ धरावा. समजा ३६ धरला. आयएसओ ४०० केल्यास तो दुप्पट, म्हणजे ७२ होतो. छतावर आपटताना तीन-चतुर्थांश उजेड हरवतो असे मानले तर तो पुन्हा ३६ वर येतो. छतापर्यंत आणि तेथून खाली मिळून पाच मीटर वाट धरली, तर छिद्र ७च्या सुमारास बसते. ५.६ वर काम करावे, म्हणजे शक्ती थोडी राखून राहते. याच हिशेबाने २० अंकाच्या लहानग्या फ्लॅशला ४च्या छिद्रावर दर वेळी सगळे बळ ओतावे लागते, आणि पुन्हा भरून तयार होईपर्यंत ओवाळणाऱ्या सुनेचे तबक खाली आलेले असते.

कवेलूंच्या छपराखाली मात्र हे सारे गणित कोलमडते. काळसर, उतरते छप्पर. वर टाकलेला उजेड वाशांत आणि फटींत गडप होतो. तेथे डोके मागे किंवा बाजूला, चुना दिलेल्या भिंतीकडे वळवावे. भिंत हिरवी वा निळी असेल तर माणसांचे चेहरेही तसेच होतात; अशा वेळी दोरीवर धुतलेले पांढरे धोतर ताणून बांधावे आणि त्यावर उजेड टाकावा. आम्ही देवळीच्या घरी हेच सुचविले.

फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उन्हासारखा पांढरा, समईचा केशरी. दोघांचे जमत नाही. फ्लॅशच्या तोंडावर केशरी जिलेटीनचा तुकडा लावला की भांडण मिटते. आणि झडप फार वेगाची ठेवू नये. १/६० सेकंदाच्या आसपास ठेवल्यास ज्योतीलाही आपला उजेड उमटवायला अवसर मिळतो.

टीटीएल म्हणजे फ्लॅशने स्वतःच मोजून उजेड देण्याची सोय. हळदीकुंकवाला बायका येत-जात असतात, तेव्हा ती फार उपयोगी. पण जरी आणि पितळ पाहून तिचाही गोंधळ होतो आणि चित्र काळे येते. महालक्ष्म्या काही हलत नाहीत. त्यांच्यासाठी शक्ती हाताने ठरवणेच बरे. पहिलाच फ्लॅश घेणाऱ्याने दोन्ही सोयी असलेला घ्यावा, आणि रेडिओने दुरून पेटवता येणारा मिळाल्यास उत्तम. ती सोय आम्ही चैन मानत नाही. ज्या घरी सोवळे कडक असते, तेथे छायाचित्रकाराला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागते. तेव्हा फ्लॅश आतल्या कोनाड्यात ठेवता आला तर मोठी सोय होते. अर्थात आधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. कॅमेऱ्याचा चामड्याचा पट्टाही काढून ठेवावा.

खरेदीला वर्ध्यास जा किंवा नागपूरला सीताबर्डीवर, परंतु कॅमेरा सोबत न्यावा. कॅनन, निकॉन, सोनी यांची बैठक सारखी नसते. एकच फ्लॅश प्रत्येकासाठी निराळा बनवितात. कॅननच्या १५००डी आणि ३०००डी या आपल्याकडे घरोघर दिसणाऱ्या कॅमेऱ्यांत तर बैठकीतला मधला स्पर्शबिंदूच काढून टाकला आहे. केवळ त्याच बिंदूवर चालणारा स्वस्त फ्लॅश त्यांवर पेटतच नाही. दुकानातच लावून, दहा-बारा वेळा पेटवून पाहावा.

नातवाने आणखी एक गोष्ट दाखवली: आजोबांच्या पेटीतला जुना फ्लॅश. ‘हाच लावू का?’ त्याच्या भावनेचे आम्हाला कौतुक वाटले, तरी नको म्हटले. जुन्या काळच्या काही फ्लॅशच्या स्पर्शबिंदूवर २०० व्होल्टपेक्षाही अधिक दाब असतो आणि आजच्या कॅमेऱ्याचे नाजूक मंडल त्याने जळू शकते. तो उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीतही पडू नये; आतले संधारित्र बंद अवस्थेतही जबर झटका देते. १९३०च्या सुमारास जर्मनीत काचेच्या बल्बचा फ्लॅश निघण्यापूर्वी लोक मॅग्नेशियमची पूड तबकात पेटवीत आणि हात भाजून घेत. त्या मानाने आपण सुखी आहोत.

पुन्हा भरता येणारे निकेल-मेटलचे चार-चार सेल, दोन संच, आदल्या रात्री भरून ठेवावेत. आणि आरतीच्या वेळी डोळे मिटून उभ्या असलेल्यांच्या तोंडावर फ्लॅश मारू नये. आरती संपल्यावर दोन क्षण थांबा म्हटले तर कुणी रागवत नाही.

आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही देवळीस गेलो. कोठ्या अजून रिकाम्याच होत्या. त्यांच्या जागी पितळेचे दोन तांबे मांडले, दोरीवर धोतर ताणले, आणि समईजवळच्या त्या कोपऱ्यात नातवाच्या आईला बसायला सांगितले. ती आधी लाजली, मग पदर सावरून भिंतीला टेकली. तिसऱ्या प्रयत्नात तांब्यांवरची चकाकी मऊ झाली, ज्योत पिवळी राहिली आणि कोपऱ्यातला चेहरा स्वच्छ उमटला. नातू बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला. मग त्याने छिद्र, झडप आणि शक्तीचे आकडे खडूने दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवले.