सांगून निघा

दसरा झाला, कापूस वेचणी लागली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. तीन वर्षांचं पोर अंगणवाडीत थांबत नाही, आणि ते थांबलं नाही की आईचा रोज बुडतो. आपल्याकडचा जुना उपाय ठरलेला: ते खेळायला लागलं की हळूच सटकायचं. आम्हीही बायकांना हेच सांगत होतो, हे आधी कबूल करतो. मग एक दिवस एक मुलगा आईला शोधत एकटाच रस्त्यापर्यंत गेला. ट्रॅक्टरवाल्याने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं.

खेळता खेळता आई नाहीशी झाली की पोर काय शिकतं? खेळू नये, आईवरची नजर काढू नये. दुसऱ्या दिवशी ते पदर घट्ट धरतं ते म्हणूनच. त्यापेक्षा सांगून निघा. "मी कापूस वेचायला जाते. तुझी खिचडी खाऊन झाली की आजी घ्यायला येईल." एक वाजता म्हणून उपयोग नाही, त्याला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते. आणि जिचं नाव घ्याल तिनेच यायला हवं. ते रडेल. पण दारातून चारदा मागे फिरू नका, त्याने रडणं लांबतं.

पहिले काही दिवस ओळखीचं माणूस सोबत बसलेलं बरं. रोज बुडवून ते कसं जमायचं? आमच्या गटाने पाळी लावली. जिला त्या दिवशी काम नाही, ती शेजारणीच्या पोराजवळ बसते. पोर आधी मांडीवरून नुसतं बघतं. बघू द्या. "जा ना, खेळ ना" म्हणून ढकललं की उलट चिकटतं.

अंगणवाडी हे नावच पाहा. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सरकारी योजना आली ती पुढे, १९७५ साली.

आपणही नवी गोष्ट आधी आपल्या अंगणात आणू शकतो. लसीचंच घ्या. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर असतो, आणि तोवर पोराला सुई ओळखू यायला लागते. आदल्या दिवशी बाहुलीला सुई द्यायचा खेळ खेळा. "काही दुखत नाही" असं खोटं नको. "टोचेल, थोडं दुखेल, मी धरून बसेन" एवढं पुरे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देईल" हे तेवढं बंद करा बरं! मग दवाखान्याच्या पायरीवर ते भोकाड पसरतं, आणि निस्तरते आई.

तो रस्त्यावर गेलेला मुलगा? त्याला महिनाभर लागला. आता आईने खिचडीचं सांगितलं की तो हात हलवतो. सोमवारी अजून रडतो.