घरगुती राउटरवरील व्हीपीएन जोडणीचे दोषनिवारण

घरगुती राउटरवरील व्हीपीएन जोडणीचे दोषनिवारण म्हणजे घराबाहेरून घरच्या संगणक जाळ्याशी जोडले जाताना येणारा अडथळा नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, हे क्रमाने शोधून काढणे होय. व्हीपीएन अर्थात आभासी खाजगी जाळे हे सार्वजनिक आंतरजालावरून जाणारी माहिती कूटबद्ध करते. ही माहिती राउटरमधील फायरवॉल, पत्त्यांचे रूपांतर अर्थात नॅट आणि मार्गनिर्धारण या तिन्हींतून जात असल्याने त्यांपैकी एकातील दोषही जोडणी बंद पाडण्यास पुरेसा ठरतो.

सार्वजनिक पत्ता

राउटरला सेवादात्याकडून मिळालेला आयपीव्ही४ पत्ता आणि बाहेरील संकेतस्थळास दिसणारा पत्ता एकच असावा लागतो. ते भिन्न असल्यास वाटेत आणखी एक नॅट असते. राउटरचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या दरम्यान असल्यास तो बहुधा सेवादात्याच्या सामायिक नॅटचा असतो. हा पट्टा २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ द्वारे राखून ठेवण्यात आला. अशा वेळी घरच्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता घेणे, आयपीव्ही६ वापरणे किंवा भाड्याच्या सर्व्हरकडे घरातूनच जोडणी सुरू करणे, हे त्यावरील उपाय होत.

पोर्ट आणि प्रोटोकॉल

ओपनव्हीपीएनसाठी सामान्यतः यूडीपी ११९४ आणि वायरगार्डसाठी यूडीपी ५१८२० हे पोर्ट वापरले जाते. आयपीसेकला यूडीपी ५०० लागते व वाटेत नॅट असल्यास ४५०० लागते. यूडीपीऐवजी टीसीपीचा नियम लिहिला जाणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. वायरगार्ड अनोळखी पॅकेटला उत्तर देत नाही. त्यामुळे पोर्ट तपासणीत प्रतिसाद न मिळणे हा दोषाचा पुरावा मानता येत नाही. प्रमाणपत्रांवर आधारित व्हीपीएनमध्ये राउटरचे घड्याळ चुकीचे असल्यास वैध प्रमाणपत्रही नाकारले जाऊ शकते.

जोडणीनंतरच्या अडचणी

जोडणी झाल्यावरही घरातील संगणक सापडत नसल्यास दोन्ही टोकांचे पत्ते पाहावेत. घर आणि बाहेरचे ठिकाण या दोन्हींकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असल्यास पॅकेट स्थानिक जाळ्यातच फिरत राहते. आयपी पत्त्याने संगणक सापडतो, पण नावाने सापडत नाही, तेव्हा दोष डीएनएसमध्ये असतो. लहान संदेश जातात, पण मोठी पाने अडकतात, तेव्हा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, कमी करून पाहावा. बराच वेळ शांत राहिल्यावर तुटणाऱ्या वायरगार्ड जोडणीसाठी दर २५ सेकंदांनी संकेत पाठवण्याची सोय वापरली जाते.

सुरक्षितता

चाचणीसाठी फायरवॉल पूर्णपणे बंद केल्यास घरातील कॅमेरे, छपाईयंत्रे व राउटरचे व्यवस्थापन पान थेट आंतरजालावर उघडे पडू शकते. म्हणून व्हीपीएनसाठी लागणारे एकच पोर्ट उघडावे, एका वेळी एकच बदल करावा आणि फायरवॉलची नोंदवही तपासावी. पॅकेट राउटरपर्यंत पोहोचल्याची नोंद नसल्यास दोष बहुधा राउटरच्या बाहेर असतो. नोंद असल्यास तो राउटरच्या नियमांत किंवा व्हीपीएनच्या मांडणीत शोधावा.