पाणी सुटलं का?

पहाटे 5.30
कोलाडजवळच्या वाडीत अजून अंधार आहे. ओट्यावर उकिडवा बसलेला राफ्टिंगचा गाईड एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन धरून बघतोय. पोरगा पंचविशीचा, नदीकाठीच वाढलेला. "काय रे, एवढं काय वाचतोस?" तर म्हणाला, "पाणी कधी सुटणार ते बघतो, काका."

मला हसू आलं. मी भिलाईजवळच्या उतईचा. आमचा मुलूख धानाचा. तांदुळा कालव्याला पाणी सुटलं का, एवढाच प्रश्न ऐकत मी मोठा झालो. तो प्रश्न कोकणातल्या नदीवरही भेटेल असं वाटलं नव्हतं.

7.00
साजे गावाजवळ कुंडलिका नदीत उतरलो. नदी कसली, गोटे! काळे, शेवाळलेले, मधून घोटाभर पाणी. दिवस एप्रिलचे. इथून वरच्या अंगाला असलेल्या भिऱ्यात मार्च 2017 मध्ये 46.5 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा उन्हात कोकणातल्या बहुतेक नद्या पार आटतात. कुंडलिका मात्र रोज सकाळी भरते, कारण तिचं पाणी घाटमाथ्यावरून येतं. मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रात सुमारे 500 मीटर खाली पडतं. केंद्र 1927 पासून चालू आहे. ज्या पाण्यानं भीमा-कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जायचं, ते इथे मुंबईचे दिवे लावून पश्चिमेला रेवदंड्याकडे निघतं. त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. राफ्टमध्ये बसून चित्कारणाऱ्यांपैकी किती जणांच्या हे कानावर गेलं असेल?

तोवर राफ्टमध्ये हवा भरून झाली. गाईड प्रत्येक कप्प्यावर थापटी मारून आवाज ऐकतो. माठ घेताना बायका वाजवून बघतात ना, तसं.

8.10
त्याचा एक ठरलेला दगड आहे, म्हशीच्या पाठीएवढा. तो बुडाला की राफ्ट पाण्यात. आधी गोट्यांच्या फटींतून बुडबुडे आले. मग कडेचं गवत आडवं झालं. कोणीतरी काठावर काढून ठेवलेली चप्पल हलली, तरंगली आणि निघून गेली. वीस मिनिटांत दगड दिसेनासा झाला.

8.40
मुंबईहून आलेले आठ जण. हेल्मेट, लाइफ जॅकेट. जॅकेटचा पट्टा गाईड स्वतः ओढतो, खांद्याला धरून माणूस उचलून बघतो. एकाच्या तोंडाला रात्रीचा वास होता. त्याला गाईडनं काठावरच ठेवलं. पैसे भरलेत, ओळख आहे, सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं ते नाहीच. दिवसभरातलं सगळ्यात अवघड काम मला तरी हेच वाटलं.

मग सूचना. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ सोडायची नाही, सुटली तर शेजाऱ्याचे दात जातात. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, बोटं पाण्यावर. उभं राहायचं नाही. पाय दगडात अडकला की मागून येणारं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. कमरेएवढ्या पाण्यातही.

9.00
पहिला रॅपिड. लांबून नुसती पांढरी रेघ दिसते. दोन दगडांमधून पाणी इंग्रजी 'व्ही'सारखं निमुळतं होतं, त्याच्या टोकाकडे गाईड राफ्टचं नाक वळवतो. "फॉरवर्ड! जोरात!" आठ वल्ही आठ दिशांना. राफ्ट खाली गेली, समोर भिंतीसारखी लाट, तोंडात पाणी, आणि मागून त्याचा शांत आवाज, "स्टॉप." तोवर पार झालो होतो. पुढे गेलेला कयाकवाला, पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी हातात घेऊन उभा होता. ती उघडावी लागली नाही.

सुमारे बारा किलोमीटर, दोन ते तीन श्रेणीचे रॅपिड. सहा श्रेणींच्या मापात हे मधलंच. गंगेवर ऋषिकेशला याहून दांडगं पाणी आहे. पण गोटा कुठल्याही श्रेणीत तेवढाच टणक. संथ डोहात एकानं फोटोसाठी जॅकेटचा पट्टा सोडला. गाईडनं वल्हं आडवं धरलं, पट्टा लागेपर्यंत राफ्ट हलली नाही.

11.30
दुसरी फेरी. तेच दगड, तेच विनोद, नवे चित्कार.

2.30
भात, मासळीचं कालवण. बोलणं नाही. तळहाताच्या घट्ट्यांवर तो मीठ-पाणी चोळतो.

4.00
राफ्ट उलटी घालून ठिगळ. जागा घासायची, सोल्युशन लावायचं, वाळू द्यायचं, मग दाबायचं. चाळीसेक जॅकेटं दोरीवर. वास विचारू नका.

6.15
म्हशीच्या पाठीचा दगड पुन्हा वर आला होता, ओला. सकाळची चप्पल काही दिसली नाही. फोन वाजला. उद्या पाणी साडेसातला. म्हणजे त्याला उठायचं पाचला.