पिंप तेच, बाग तीच, पण या वाईनवाल्या घराण्याचा देश चार वेळा बदलला

१८६९ साली जन्मलेला एक माणूस. जन्मला तेव्हा फ्रेंच. दोन वर्षांचा झाला तोवर जर्मन. पन्नाशीला टेकला तेव्हा पुन्हा फ्रेंच. सत्तरी ओलांडली आणि परत जर्मन. पंचाहत्तरीच्या आसपास पुन्हा एकदा फ्रेंच.

बरं, यासाठी तो कुठं परदेशात गेला नव्हता. देशच त्याच्या दारात येऊन बदलत होता.

त्याचं नाव फ्रेदेरिक एमिल ह्युगेल, आणि घरचा धंदा वाईनचा.

ही गोष्ट आहे फ्रान्सच्या पूर्व टोकाला असलेल्या अल्सास प्रांतातली. एका बाजूला ऱ्हाईन नदी, पलीकडे जर्मनी. दुसऱ्या बाजूला व्होज पर्वत, आणि मधे द्राक्षबागांची लांबट पट्टी. पश्चिमेकडून येणारे ढग व्होज पर्वतावरच रिकामे होतात, त्यामुळे पायथ्याशी असलेलं कोलमार हे फ्रान्समधल्या सगळ्यात कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे. सह्याद्री ओलांडला की पाऊस आटतो, तसंच हे. द्राक्षाला असं कोरडं हवामान मानवतं.

कोलमारजवळच्या रिकवीर गावात ह्युगेल घराणं १६३९ पासून वाईन करतंय. युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, त्या काळात हान्स उलरिक ह्युगेल इथं येऊन स्थायिक झाला. त्यांच्या तळघरात १७१५ सालचं एक लाकडी पिंप आहे. नाव सांत कातरीन. साधारण ८,८०० लिटरचं हे पिंप जगातलं सगळ्यात जुनं वापरातलं पिंप म्हणून गिनीज बुकात गेलंय. शोभेला ठेवलेलं नाही, त्यात आजही वाईन भरतात.

१८७१ मध्ये फ्रान्स प्रशियाकडून हरला आणि अल्सास जर्मन साम्राज्यात गेलं. जर्मनीकडे स्वतःच्या नावाजलेल्या वाईन होत्याच. मग अल्सासच्या वाट्याला काय आलं? भरपूर पीक देणारे साधे वाण लावा, स्वस्त वाईन काढा आणि ती दुसऱ्यांच्या वाईनमध्ये मिसळायला पाठवा. स्वतःच्या नावानं विकायचा प्रश्नच फारसा उरला नाही.

१९१८ ला अल्सास फ्रान्सकडे परत आलं. आता उलटी अडचण. जर्मन गिऱ्हाईक तुटलं, आणि स्वस्त वाईनमध्ये दक्षिण फ्रान्सशी टक्कर देणं अवघड. एमिल ह्युगेल यांचं म्हणणं होतं की स्वस्तात जिंकता येणार नाही, उंची वाणच लावा. रीसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर, पिनो ग्री, मस्काट. उत्पन्न कमी येईल, पण बाटलीवर आपलं नाव राहील.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. फ्रान्समध्ये वाईन बहुतेक करून जागेच्या नावानं ओळखली जाते. बोर्दो, बरगंडी, शॅम्पेन ही सगळी प्रदेशांची नावं. अल्सासच्या बाटलीवर मात्र द्राक्षाचं नाव ठळक असतं, जर्मन पद्धतीसारखं. त्यातलं गेवुर्त्सट्रामिनर म्हणजे लिची आणि गुलाबाचा वास येणारी वाईन. ‘गेवुर्त्स’ म्हणजे जर्मनमध्ये मसाला. मसालेदार जेवणासोबत ही वाईन सुचवतात ते उगाच नाही.

१९४० ला नाझी आले. फ्रेंच बोलायला बंदी, फ्रेंच टोपी घालायला बंदी, गल्लीबोळांची नावंही जर्मन. मुलूज शहरातल्या ‘रानटी माणसाचा रस्ता’ अशा अर्थाच्या मुख्य रस्त्याला हिटलरचं नाव दिलं. लोकांनी मनातल्या मनात काय म्हटलं असेल, सांगायला नको.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. १९४२ पासून इथल्या पोरांना सक्तीनं जर्मन सैन्यात भरलं. अल्सास आणि शेजारचा मोझेल मिळून असे सुमारे १,३०,००० लोक होते. हजारो परतलेच नाहीत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोलमारभोवती लढाई झाली तेव्हा रिकवीरपासून काही किलोमीटरवरचं बेनवीर गाव जमीनदोस्त झालं. रिकवीरची जुनी घरं मात्र वाचली, आणि तळघरंही.

एमिल १९५० मध्ये गेले. अल्सासच्या वाईनला फ्रान्सचा अधिकृत प्रादेशिक दर्जा मिळाला तो १९६२ मध्ये. १९७२ पासून ही वाईन अल्सासमध्येच बाटलीत भरायची असा कायदा झाला. टँकरनं बाहेर नेऊन कशात तरी मिसळायचा जुना रस्ता बंद.

पुढचं काम एमिल यांचे नातू जाँ ह्युगेल यांनी केलं. उशिरा तोडणीची वाईन म्हणजे द्राक्षं तयार झाल्यावरही काही आठवडे वेलीवरच ठेवायची. पाणी कमी होतं, साखर वाढते. दरम्यान पाऊस आला किंवा पक्ष्यांनी ताव मारला तर पीक गेलं. एवढी जोखीम घेऊन वाईन करायची आणि शेजारच्यानं साखर टाकून तेच लेबल लावायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या पाठपुराव्यातून १९८४ मध्ये नियम आले. द्राक्षातली साखर किमान किती हवी ते ठरलं, आणि बाहेरून साखर घालायला मनाई झाली.

हेच घराणं दुसऱ्या एका नियमावर मात्र अडून बसलं. अल्सासमधल्या ५१ बागांना सरकारनं ‘ग्रां क्रू’ हा वरचा दर्जा दिलाय. ह्युगेलांचं म्हणणं होतं की या बागांच्या हद्दी सैल आखल्यात, चांगल्या उतारासोबत सुमार जमीनही आत आलीय. रिकवीरच्या वरची शोनेनबूर्ग टेकडी त्या यादीत आहे आणि तिथं ह्युगेलांच्या स्वतःच्या वेली आहेत. शिक्का लावला असता तर भाव वाढवून मिळाला असता. तरीही कित्येक वर्षं त्यांनी तिथल्या रीसलिंगच्या लेबलवर ते दोन शब्द छापले नाहीत.