डिजिटल स्टेथोस्कोप : नळी अंगाला लागली पाहिजे

काही दवाखान्यांत आणि आरोग्य शिबिरांत डॉक्टरांच्या गळ्यात आता एक नवी नळी दिसते. छातीवर ठेवायची तिची चकती जरा जाड असते. चकतीवर बटण असते, छोटा दिवा लागतो आणि कधी बाजूला मोबाईल ठेवलेला असतो. हा डिजिटल स्टेथोस्कोप. वस्तीत बायका आम्हाला विचारतात : यात करंट असतो का? पोटुशी बाईला चालतो का? याने आजार आपोआप कळतो का? या सगळ्याची उत्तरे येथे देत आहोत.

नळी काय करते?

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून एका तरुण बाईच्या छातीला लावली. तोपर्यंत डॉक्टर थेट छातीला कान लावून ऐकत. सुरळीतून हृदयाचे ठोके जास्त स्पष्ट ऐकू आले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. आपल्या ओळखीच्या साध्या नळीत चकतीवरचा पातळ पडदा थरथरतो आणि तो आवाज नळीतल्या हवेतून कानापर्यंत जातो.

डिजिटल नळीच्या चकतीत मायक्रोफोनसारखा भाग असतो. तो आवाज पकडून विजेच्या संदेशात बदलतो आणि मोठा करून ऐकवतो. बटण दाबून हृदयाचे जड आवाज किंवा श्वासाचे बारीक आवाज निवडून ऐकता येतात. ही नळी छोट्या बॅटरीवर चालते. ती शरीरात काहीही सोडत नाही, फक्त ऐकते. म्हणून गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला, म्हाताऱ्या माणसाला, कुणालाही तिचा धोका नाही.

तिचा फायदा कुठे होतो?

वस्तीतला दवाखाना म्हणजे बाहेर रिक्षांचे हॉर्न आणि आत रडणारी पोरे. अशा गोंगाटात हलका आवाज साध्या नळीतून निसटतो, तो येथे सापडू शकतो. दुसरे म्हणजे आवाज साठवून ठेवता येतो. आज ऐकलेला आवाज महिन्याने पुन्हा ऐकून ताडता येतो, किंवा मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला पाठवता येतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत मुंबईच्या आयआयटीतील एका चमूने अशी नळी दवाखान्यांना पुरवली होती. पेशंटपासून अंतर ठेवूनही डॉक्टरला छाती ऐकता यावी, हा त्यामागचा हेतू होता.

काही नळ्यांसोबतचे मोबाईल ॲप आवाजात गडबड वाटली तर तसे सांगते. पण ती फक्त सूचना असते. हृदयाच्या ठोक्यांमध्ये ‘सूं’ असा जादा आवाज येतो, त्याला मर्मर म्हणतात. पुष्कळ निरोगी मुलांतही तो असतो. अंगात रक्त कमी असेल तरी येतो, गरोदरपणातही येतो. म्हणून मर्मर ऐकू आली की घाबरून जाऊ नये आणि दुर्लक्षही करू नये. पुढची पायरी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाची झडप बिघडली आहे की नाही, हे तिथे नक्की कळते.

आपल्या मुलांसाठी हे का महत्त्वाचे?

एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात, तिथे घशाचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जातो. एका विशिष्ट जंतूने घसा दुखला आणि नीट उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. हा संधिवाताचा ताप मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या वयात येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. मूल खेळत असते, शाळेत जात असते, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. पुढे जिना चढताना धाप लागते. मुलगी असेल तर पहिल्या बाळंतपणात जिवावर बेतते, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार फार वाढतो.

हे वेळीच नळीने ऐकले आणि इकोने पक्के झाले, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन हा ताप पुन्हा येणे रोखता येते. झडपेचे नुकसान वाढत नाही. इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते आणि दुखतेही. पण ते औषध स्वस्त आहे, झडप बदलण्याचे ऑपरेशन मोठे असते.

नवी नळी कुठे कमी पडते?

ही नळी आवाज मोठा करते, तसा खसखसाटही मोठा करते. शर्टावरून, साडीच्या पदरावरून चकती ठेवली तर कापडाच्या घासण्याचा आवाज फुफ्फुसातल्या बिघाडासारखा वाटू शकतो. म्हणून चकती कातडीलाच लागली पाहिजे. हृदय समोरून निदान चार ठिकाणी ऐकायचे असते. फुफ्फुसे पाठीवर दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत, पेशंटला तोंड उघडे ठेवून खोल श्वास घ्यायला लावून ऐकायची असतात.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्यांची बाळंतीण बायको आजारी पडली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, म्हणून तिला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाकडे दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे. त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात तो बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. ती बाई वाचली नाही. त्या डॉक्टरकडे जगातली सर्वांत चांगली नळी असती, तरी ती तिच्या छातीला लागली नसती.

आज तसे उघड कुणी म्हणत नाही. तरीही टेबलापलीकडून दोन प्रश्न विचारायचे आणि चिठ्ठी लिहायची, हे आम्ही रोज पाहतो. रांग मोठी असते, हे खरे आहे. पण खोकला, धाप किंवा छातीत दुखणे घेऊन आलेल्या माणसाची छाती ऐकायला काही मिनिटे पुरतात.

तुम्ही काय करावे?

- “डॉक्टर, नळी लावून बघता का?” असे शांतपणे विचारा. हा उद्धटपणा नाही.
- वरची बटणे सोडता येतील असे कपडे मुलांना घाला. बायकांनी पडद्याआड तपासणी मागावी. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई असावी, हा रुग्ण हक्कांच्या सनदेत दिलेला हक्क आहे.
- नळी छातीवर असताना बोलू नका, मोबाईल बाजूला ठेवा.
- चकती आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला सांगा.
- आवाज रेकॉर्ड करणार असतील तर कशासाठी आणि कुणाला पाठवणार, ते विचारा.
- या नळीचे वेगळे पैसे मागितले तर पावती मागा.

लहान बाळाच्या बाबतीत नळीची वाट पाहू नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत मुलांची मोफत तपासणी होते. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताचा हृदयरोग दोन्ही तिच्या यादीत आहेत. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना किंवा शाळेत विचारून ठेवा आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. संध्याकाळी त्याला एवढेच विचारा : शर्ट वर करून छातीला नळी लावली का? नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा.